पाइनच्या बुंध्याशी

डाग कशाचा आहे हे मी वासावरून सांगते. ही बढाई नाही, धंदा आहे. चौकातली लाँड्री माझी. लोक गाठोडं काउंटरवर ठेवतात आणि बिनदिक्कत थापा मारतात. "चहा सांडला हो," म्हणतात. मी कापड नाकाशी नेते आणि मनात म्हणते, चहा कसला, रात्रीची दारू उलटलीय ही. तोंडाने मात्र "निघेल, परवा या" एवढंच बोलते. गिऱ्हाइकाचं गुपित कापडातून काढायचं आणि पाण्याबरोबर सोडून द्यायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज. घरी मात्र मी तो कधी पाळला नाही. घरात माझ्या जिभेला हाड नसतं.

तर आमच्या मागच्या दारचं पाइनचं झाड तपकिरी पडायला लागलं.

झाड आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे सासरे, सुतार. उभ्या आयुष्यात त्यांनी पाइनच्या फळ्या कापून खोकी, दारं, कपाटं केली, आणि हत्यारं खाली ठेवली त्या वर्षी कुठून तरी वीतभर रोप आणून लावलं. "इतकी कापली, एक तरी लावतो," म्हणाले. ते रोप आता छपराच्या वर गेलंय. मागचं दार उघडलं की समोरच त्याचा बुंधा, पलीकडे माझ्या कपडे वाळत घालायच्या तारा, आणि बाजूला कमरेएवढ्या कुंपणाच्या पलीकडे शेजारच्या नर्सबाईंचं घर. नर्सबाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या. एकट्या म्हणजे त्या आणि शेठ. शेठ हा त्यांचा कुत्रा. पोट सुटलेला, आणि दिवसभर पायरीवर असा बसतो की जणू समोर पैशांचा गल्ला असावा. नाव त्यावरूनच पडलं.

आधी खालची एक फांदी गेली, घराच्या बाजूची. मग तिच्या शेजारची. सुयांसारखी ती पानं टोकाकडून करपत आत यायची, आणि हात लावला की भुरभुर खाली. येणारा-जाणारा विचारायचा, "अरे, झाडाला काय झालं?" आणि मला आपल्याच घरातलं कुणी आजारी असून आपण दुर्लक्ष केल्यासारखं ओशाळं व्हायचं. खरं तर तसंच होतं, पण ते पुढे येईल.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते जगातला प्रत्येक बिघाड तेल कमी पडल्याने होतो. झाडाला तेल घालता येत नाही म्हणून त्याने पाणी घालायचा सपाटा लावला. मी बोट मातीत खुपसून बघितलं, माती ओली चिंब. पाइनला इतकं पाणी सोसत नाही, त्याची मुळं कुजतात, हे मला रोपं विकणाऱ्याने सांगितलं. तो स्वतः बघायलाही आला, झाडाभोवती एक फेरी मारली आणि पिशवीतून बाटली काढली. "कीड आहे."

"कुठे दिसली?"

"दिसत नाही, ताई. बारीक असते."

न दिसणारी कीड आणि दिसणारी किंमत. मी त्याला वाटेला लावलं. पण डोक्यात किडा सोडून गेला, म्हणून मी माझ्या पद्धतीने बघितलं. पांढरा स्वच्छ उशीचा अभ्रा आणला, करपलेल्या फांदीखाली धरला आणि फांदी झटकली. तसली कीड असेल तर पांढऱ्यावर ठिपके पडतात आणि ते चालायला लागतात. अभ्र्यावर नुसत्या वाळक्या सुया. मग नखाने फांदीची साल जरा खरवडली. आत हिरवं होतं. म्हणजे फांदी मेली नव्हती.

"उगाच जीव आटवतेस तू," आप्पा मागच्या दारातून म्हणाले. "वय झालं त्याचं. खालून वाळायचंच."

"वयाने वाळतं ते आतून, बुंध्याकडून वाळतं आप्पा. हे टोकाकडून चाललंय."

"तुला फार कळतं," असं म्हणून ते हसले आणि आत गेले. मला वाटलं, कौतुकाने म्हणाले.

एकाच बाजूने वाळतंय, तर कारणही त्याच बाजूला असणार, एवढी अक्कल मला होती. बाहीवर डाग असेल तर मी कॉलर हुंगत बसत नाही. मी गुडघे टेकले, बुंध्याशी साचलेला सुयांचा थर बाजूला केला. खालची माती वर पांढुरकी झालेली, पापुद्रा धरलेला. एक ढेकूळ उचललं, नाकाशी नेलं आणि मान मागे घेतली.

मूत. त्यात शंकाच नव्हती. हा वास मी रोज घेते. तान्ह्या मुलांची दुपटी, आजारी माणसांच्या चादरी, सगळ्यांना हाच वास. वर्षानुवर्षं ओळखीचा. नाकाने काम चोख केलं. उरलेलं काम डोक्याने करायचं होतं, तिथे मी माती खाल्ली. मी उठून कुंपणापलीकडे बघितलं, तर पायरीवर शेठ बसलेला.

त्याच संध्याकाळी नर्सबाई फाटकाशी उभ्या असताना मी करपलेली डहाळी हातात घेऊन गेले. हळू आवाजात सांगता आलं असतं. पण हळू आवाज मी दुकानात ठेवून येते.

"हे बघा तुमच्या शेठचे प्रताप! रोज येऊन मुततोय आमच्या झाडावर. माणसाने कष्टाने झाड वाढवायचं आणि कुत्र्याने तंगडी वर करून जाळायचं?"

समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला. सायकलवरून चाललेला दूधवाला एक पाय टेकवून उभा राहिला. फुकटचा तमाशा कोण सोडतो? प्रेक्षक मिळाल्यावर मला आणखी चेव चढला. मी सांगितलं, मला वास कळतो, मला कुणी शिकवू नये, मी डागांवर पोट भरते. नर्सबाईंनी तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मी वळून बघितलं तर आमच्या दारात आप्पा उभे.

"जाऊ दे गं, सूनबाई," आप्पा म्हणाले. "झाडच आहे."

"तुम्ही मध्ये पडू नका आप्पा. झाड तुमचं, आणि तुम्हालाच त्याचं काही नाही!"

नर्सबाई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "शेठच असेल. बांधून ठेवते मी त्याला."

"असेल नाही, आहेच!"

शिंपी हसला. मी जिंकले होते. घरी येऊन मी चहा केला आणि तो मला फार गोड लागला.

शेठने जन्मात साखळी बघितली नव्हती. पहिले काही दिवस तो नुसता रडायचा, मग रडून दमला आणि पायरीखाली तोंड भिंतीकडे करून पडून राहायला लागला. आप्पा सकाळी आपल्या ताटलीतला पाव त्याला कुंपणावरून द्यायचे.

"गुन्हेगाराला पाव कशाला?" मी विचारलं.

"शिक्षा झाली ना, मग उपाशी तरी नको."

मी हसले. आप्पा हसले नाहीत.

झाडावर मी मनापासून उपचार केले, हे मात्र खरं. खराब झालेली वरची माती खरवडून काढली, बुंध्याला चिकटलेला सुयांचा थर दूर सारला. मग एक दिवस पाण्याची नळी अगदी बारीक सोडून ठेवली, म्हणजे मुळाशी साचलेला खार खाली धुऊन जाईल, आणि त्यानंतर नवऱ्याला तंबी दिली की माती कोरडी झाल्याशिवाय थेंब घालायचा नाही. करपलेल्या फांद्या कापायला तो करवत घेऊन निघाला होता, त्यालाही अडवलं. साल आतून हिरवी आहे तोवर कापायचं नाही. दुकानातून एखादं औषध आणून माती साफ करू का, असंही त्याने विचारलं. त्यावर मी अशी काही भडकले की तो करवतीसकट पळाला. दुकानातली औषधं घरात आणायची नाहीत, हा माझा कडक नियम. अमोनिया, तेजाब, सगळं तिथेच कुलपात असतं, आणि ते कुलपाचं कपाटही आप्पांनीच मला करून दिलेलं.

इतकं करूनही फांद्या वाळतच राहिल्या. एक दिवस मी पुन्हा वाकून बघितलं, तर बुंध्याशी माती ओली, आणि वास ताजा.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी दुकानात गेले की ही बाई कुत्र्याला सोडते! तोंडावर गोड बोलायचं आणि पाठीमागे साखळी काढायची. आता हिला रंगेहाथ पकडायचंच. दुसऱ्या दिवशी दुकान मदतनीस बाईवर सोपवलं आणि भर दुपारी पुढच्या दाराने न जाता बाजूच्या बोळातून परसात शिरले. तारांवर एका लॉजच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. दोन चादरींच्या फटीतून झाड दिसत होतं, कुंपण दिसत होतं, आणि पायरीखाली साखळीला बांधलेला शेठही दिसत होता. झोपला होता.

मागचं दार उघडलं. आप्पा बाहेर आले.

त्यांनी आधी बोळाकडे बघितलं, मग कुंपणाकडे. मग झाडाशी गेले, एक हात बुंध्यावर ठेवला आणि पाठमोरे उभे राहिले. मला कळायला वेळ लागला नाही. नजर फिरवायला हवी होती, पण मी अशी गोठले की डोळे मिटायचंही सुचलं नाही. ते उभेच होते. काही होत नव्हतं. बुंध्यावरच्या हातावर त्यांनी कपाळ टेकलं. कण्हल्यासारखा एक बारीक आवाज आला. बराच वेळ गेल्यावर थोडंसं झालं, थांबलं, परत थोडंसं. मग त्यांनी पायजमा सावरला, खाली वाकून बघितला, ओल्या भागावर हात फिरवला. नळाखालचं भांडं आणून त्यातलं पाणी जपून बुंध्याशी ओतलं. एक करपलेली फांदी हातात घेतली आणि झाडाला म्हणाले, "काय करू रे?"

मी चादरीच्या आड तोंडावर हात दाबून उभी होते. स्वतःच्याच परसात चोरासारखी. चादर वाऱ्याने हलू नये, एवढंच मनात होतं. आत्ता यांनी मला बघितलं तर हे जगणार नाहीत, असं वाटलं. आणि मीही.

दार लागलं. मी श्वास सोडला आणि वर बघितलं, तर कुंपणापलीकडच्या खिडकीत नर्सबाई. त्यांना आप्पाही दिसले होते आणि चादरीमागची मीही. आमची नजरानजर झाली. त्यांनी काही खूण केली नाही. फक्त हात वर करून पडदा ओढून घेतला, आणि आवाज होऊ नये म्हणून हळूच ओढला.

तेव्हा मला सगळं आठवायला लागलं. न बोलावता आठवायला लागलं.

आमच्या घरात न्हाणीघर आणि संडास मिळून एकच खोली. काही महिन्यांपूर्वी माझी नणंद आणि तिचा नवरा जेवायला आले होते. नणंद आत जाऊन आली आणि म्हणाली, "वहिनी, खाली ओलं आहे हं, पाय घसरेल." झालं. पाहुण्यांसमोर माझी अब्रू गेली. लोकांचे कपडे झक्क करणारीच्या घरात ओली फरशी! मी ताट वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय करणार? आयुष्यभर खिळ्यावर नेम धरणारे हात आहेत, पण आता नेमच चुकतो. दुकानात परक्यांचे डाग काढायचे आणि घरी घरच्यांचे!"

सगळे हसले. नणंद तर डोळे पुसेपर्यंत हसली. आप्पाही हसले. त्यांचं ते हसणं मी खरं धरलं.

त्यानंतर त्यांनी आपले पायजमे आपणच धुवायला सुरुवात केली. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "तेवढीच हालचाल." आणि मी? मी दुकानात येईल त्याला अभिमानाने सांगत होते, आमचे आप्पा या वयातही स्वतःचे कपडे स्वतः धुतात! अख्ख्या चौकाचे डाग ओळखणारी मी. माझ्याच घरातला माणूस माझ्या नाकाला भिऊन मोरीत एकटा पायजमा चोळत होता, आणि मला त्याचा वाससुद्धा आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच. त्या दुपारी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवऱ्याला सांगितलं नाही. तो भाबडा माणूस, लगेच हत्यारं घेऊन बापाच्या दुरुस्तीला निघाला असता. नर्सबाईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आत या, बसा."

मी बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं, पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. मग मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं. मग त्या दिवशी तिथेच का नाही सांगितलंत?"

"सगळ्या गल्लीसमोर? म्हातारा दारात उभा होता." त्यांनी पायरीकडे बघितलं. "कुत्र्याला अब्रू नसते हो. त्याच्या नावावर खपतं."

मला वर बघवेना. ज्या बाईला मी चव्हाट्यावर सोलून काढलं, ती माझ्या घराची लाज आपल्या कुत्र्याच्या पाठीवर घेऊन गप्प बसली होती.

"आजार साधा आहे," त्या म्हणाल्या. "या वयात पुरुषांना होतो. प्रोस्टेटची गाठ वाढते, वारंवार लागते, आणि गेलं की होत नाही. नेमाचा प्रश्न नाही तो. गोळ्या आहेत, नाहीतर छोटंसं ऑपरेशन. फार दिवस अंगावर काढलं की मात्र मूत्रपिंडावर जातं. तुमचे सासरे बरेच दिवस काढताहेत."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही नर्स आहात."

"मी सांगितलं तर त्यांना कळेल, शेजारची बाई बघते. मग ते तेही झाड सोडतील. कुठे जातील मग?" त्या उठल्या. "माणसाने तोंड उघडायला हवं. आणि त्यासाठी घरातल्यांनी आपलं जरा बंद ठेवायला हवं."

हे त्या चिडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. नळ नीट बंद करा म्हणावं, तसं म्हणाल्या.

पहिली गोष्ट शेठला सोडवायची. आळ गल्लीत घेतला होता, तो मागेही गल्लीतच घ्यायला हवा होता. पण शेठने केलं नाही म्हटलं तर मग कुणी केलं, हा प्रश्न येणारच. खोटं मी वाटेतच तयार केलं. संध्याकाळी शिंपी दारात आहे, दूधवाला यायच्या वेळेला आहे, असं बघून फाटकाशी उभी राहिले आणि त्याच आवाजात बोलले.

"नर्सबाई, चूक माझी होती. शेठचा काही दोष नाही. मीच दुकानातलं डाग काढायचं अमोनियाचं पाणी घरी आणून झाडाशी ओतत होते. त्याचाच वास तो. अमोनिया आणि ते दुसरं, दोन्हींचा वास सारखा. मीच झाड जाळलं आणि बोंबही मीच मारली."

शिंप्याला तर पर्वणीच. "चोराच्या उलट्या बोंबा म्हणायच्या या!" तो म्हणाला. "आणि म्हणे मला वास कळतो!"

"नाही कळत," मी म्हणाले. "उगाच फुशारकी मारते मी."

दूधवाला फिदीफिदी हसला. हसू दे. त्या हसण्याने अंगावरचं थोडं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. नर्सबाईंनी साखळी काढली. शेठ उठला, अंग झाडलं, आणि मला वळसा घालून थेट आमच्या दारात गेला. तिथे आप्पा उभे होते. तो त्यांच्या पायाशी बसला.

आप्पांच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा माझी चूक मला कळली. खोटं बोलताना मी गल्लीचा विचार केला होता, आप्पांचा केलाच नव्हता. दुकानातली बाटली मी घरात आणत नाही, हे सगळ्या जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर त्या कपाटाच्या सुताराला. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं. का बोलतेय, हेही कळलं. त्यांनी मान खाली घातली, शेठच्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि आत गेले.

एक आळ उतरवायला गेले आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं पांघरूण ओढून आले.

त्यानंतर आप्पा झाडाशी गेले नाहीत. न्हाणीघरातही अगदी क्वचित. चहा नको म्हणायला लागले. जेवताना पेल्याला हात लावेनात. मी पाणी भरून ठेवायची, ते तसंच राहायचं. ओठ कोरडे पडले. ते लाजेपायी पाणी तोडत होते आणि मी रोज भरलेला पेला उचलून मोरीत ओतत होते. एकमेकांशी आम्ही अगदी नीट बोलायचो. मीठ द्या, दार लावा, पंखा बंद करू का. नवरा म्हणाला, "आजकाल घरात किती शांतता आहे, छान वाटतं." त्याला काय सांगू?

रोज ठरवायची, आज बोलते. आप्पा, नर्सबाई म्हणतात गोळ्या आहेत. आप्पा, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी बोलले ते चुकलं. वाक्य पाठ करून त्यांच्या दारापर्यंत जायची आणि दारात पाय अडखळायचा. एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता नेमकी टाळ्यालाच चिकटून बसली. बाहेर पाइनच्या खालच्या फांद्या तशाच तपकिरी होत्या. करपलेली सुई पुन्हा हिरवी होत नाही, झाड तेवढं टिकवायचं आणि टोकाला नवा कोंब येतो का याची वाट बघायची. माझी वाट बघण्याची लायकी तरी आहे का, असं वाटायचं.

एका सकाळी त्यांच्या खोलीवरून जाताना मला त्यांची पाठ दिसली. खाटेच्या कडेला बसून ते एका पायजम्याची घडी घालत होते. ओल्या पायजम्याची. घडी घालून गादीखाली सरकवायला वाकले. मोरीत मी कपडे भिजवत होते, म्हणून त्यांना तिकडे जाता आलं नव्हतं.

मी आत गेले. पेलाभर पाणी घेऊन गेले आणि ते खिडकीत ठेवलं. आप्पांनी पायजमा पाठीमागे धरला, लहान मुलं धरतात तसा.

"आप्पा, पायजमा द्या."

"मी धुतो माझा."

"द्या आप्पा."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग इतक्या हळू म्हणाले की मला वाकून ऐकावं लागलं.

"घाण आहे गं तो."

"माहीत आहे, आप्पा."

पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवलं नाही. मी हात पुढे करून उभी राहिले. त्यांनी पायजमा पुढे आणला. एक टोक त्यांच्या हातात होतं, एक माझ्या. दोघांनाही वर बघवत नव्हतं. मग मी म्हणाले, "दुपारी डॉक्टरकडे जाऊ. मी बाहेर बसेन. आत तुम्ही एकटेच जा."

त्यांनी टोक सोडलं.

मी मोरीत आले आणि बादलीशी बसले. इतक्या वर्षांची सवय, हातात कापड आलं की ते आपोआप नाकाकडे जातं. हात अर्ध्यावर आला होता. मी तो खाली घेतला आणि पायजमा तसाच पाण्यात सोडला.